बुलबुलांची वाट

मे महिन्यातली दुपार, तीन वाजलेले, दिल्लीतल्या एका विद्यापीठाचं हरितगृह. दारात सुनीताताई हात पसरून उभ्या. त्या तिथं वनस्पतिशास्त्र शिकवतात, दिल्लीच्याच द्वारका भागात आमच्या शेजारी राहतात. समोर इंजिनिअर आणि नवी काच धरलेले दोन कामगार. दुसऱ्या दिवशी बडे पाहुणे येणार, म्हणून छताजवळची फुटकी काच बदलायची होती.

"मॅडम, दो साल से आप ही पीछे पड़ी थीं!"

"हाँ, पर आज नहीं. अंदर बुलबुल के बच्चे हैं."

नेच्याच्या टांगत्या कुंडीत घरटं होतं आणि आईबापांची ये-जा त्या फुटक्या काचेतूनच. काच बसली की पिल्लं उपाशी.

ताईंबरोबर आलेला मी म्हणालो, "ताई, हिवाळ्यात त्याच भोकातून आलेल्या थंडीनं तुमची ऑर्किडं मेली ना?"

"मेली. रडलेसुद्धा. म्हणून काय यांनाही मारू? आठवड्यात उडतील रे."

मग मात्र माझ्यातला बातमीदार भडकला. इंजिनिअरला म्हटलं, "लगाइए. कल फोटो के साथ छापता हूँ."

"अच्छा, अच्छा, बाद में लगा देंगे."

ताईंनी कामगारांना पाणी दिलं, उघड्या चोची दाखवल्या. त्यातला एक पिल्लांकडे बघून हसला आणि जाताजाता म्हणाला, "सर, तो फिर काँच गोदाम में ही रख दें? दो साल से वहीं तो पड़ा था."

ताई इंजिनिअरसाहेबांकडे बघतच राहिल्या. साहेबांना नेमका तेव्हाच फोन आला. पिल्लं केव्हाच उडून गेली, साहेब अजून फोनवरच आहेत.