चंद्रीला न आवडलेली झाडं

माझ्या अंगणातली झाडं कुणाला विचारून लावली म्हणता? अहो, चंद्रीला. चंद्री म्हणजे आमची शेळी.

एका दुष्काळात आमच्या धारूरला पाणी टँकरचं. मी हौसेनं गुलाब, जास्वंद लावायचो. निम्मी उन्हानं जायची, उरलेली चंद्री खायची. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "आता रोपं आणायला तिलाच न्या. तिनं तोंड फिरवलं की ते झाड घ्या. जे शेळीला नको, ते उन्हालाबी दाद देत न्हाई."

झालं, दोरी धरून मी भर बाजारात रोपवाल्यापुढं उभा.

"कंची देऊ?" त्यानं विचारलं.

"थांबा, हिला बघू द्या."

चंद्रीनं आधी त्याचा मोगराच फस्त केला. मग कण्हेर हुंगली अन् शिंकली. कोरफडीकडं पाठ केली. सदाफुलीला तर शिंग मारलं.

"ही तिन्ही द्या," मी म्हणालो, "आणि मोगऱ्याचेबी पैसे लावा."

सगळा बाजार हसला. पण उन्हाळाभर नुसत्या अंघोळीच्या पाण्यावर माझं अंगण फुललेलं होतं.

आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन ते रोज बघत जायचे. एकदा थांबून म्हणाले, "सोसायटीपुढं एक झाड टिकंना. उद्या रोपं आणायला जायचं हाय, तुमच्या घरची मदत पायजे."

मला लई बरं वाटलं. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधीच पोचलो.

चेअरमननी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं रस्त्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुमी एकटेच काहून आले? चंद्री कुठंय?"