वगळलेली गल्ली

…ती ओळ नको काढूस. हो, तीच, बोट ठेवलंयस तीच. मी उद्या बढती घेऊन वरच्या मजल्यावर गेले की हे टेबल, ही कुरकुरणारी खुर्ची, हा सगळा कोड तुझा, हवं ते मोड, हवं ते जोड, पण ती ओळ राहू दे. काय लिहिलंय शेजारी? ‘माहिती सदोष, वगळा.’ मीच लिहिलंय. सदोष बिदोष काही नाहीये गं. चांगली डांबरी गल्ली आहे, चौकातून वर चढत जाते, टोकाला निळं फाटक. त्या फाटकाच्या आत माझा भाऊ राहतो.

हसतेस काय? तुला ठाऊकच आहे हे कसं चालतं — जगभरच्या लोकांनी मिळून काढलेला नकाशा, तो कच्चा आपल्याकडे येतो, मग ही लायब्ररी त्यातला एकेक रस्ता उचलून आपल्यापुढे धरते आणि विचारते, ठेवू की टाकू? आपण सांगायचं, आणि त्यातून जो नकाशा तयार होतो तो कुरिअरवाले, टॅक्सीवाले, जेवण पोचवणारे सगळे वापरतात. भावाला एकदा समजावत होते जेवताना, तर म्हणतो, लायब्ररीत काम करतेस म्हणजे पुस्तकांवरची धूळ पुसतेस का? अरे बाबा, म्हटलं, लायब्ररी म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड — उघडा, फुकट, कोणीही घ्यावा, वापरावा, चुकला तर दुरुस्त करावा. तर बायकोकडे बघून डोळा मारला आणि म्हणाला, फुकटच्या वस्तूवर पगार खाते आमची ताई! वहिनी हसली. आईसुद्धा हसली. असो. आणि हे बघ, लोकांच्या नकाशाला मी हात लावलेला नाही हं — तिथे गल्ली जशीच्या तशी आहे, कोणीही जाऊन बघावं. लोकांच्या कामात खोटं घुसडायला मी काय इतकी हलकी आहे? मी फक्त आपल्याकडे म्हटलं, हा रस्ता टाक. लायब्ररी बिचारी कारण विचारत नाही. माणसांपेक्षा बरी.

केलं काय त्याने? ऐक मग. बाबा गेल्यावर आईचं सगळं मी बघितलं — तिचे गुडघे, तिची औषधं, तिचा चिडका स्वभाव — आणि हा तिकडे दूर, वाढदिवसाला फोन करायचा तेवढा. मग एक दिवस बायकोसकट आला. पाहुणा म्हणून आला तो मालकच झाला. आईने घर त्याच्या नावावर करून टाकलं — तुझं काय, तू कुठेही राहशील, म्हणाली मला. कुठेही! भांडले, आणि मैत्रिणीकडे निघून गेले, म्हटलं चार दिवसांत डोकं थंड होईल. तर तिसऱ्याच दिवशी फोनवर निरोप — तुमचं पार्सल निघालं आहे, कुठवर आलं ते इथे बघा. बघितलं. आपलाच नकाशा गं! मी केलेला, ह्याच खुर्चीत बसून. त्याच्यावर ती चिमुकली गाडी माझ्या घराच्या फाटकातून निघाली, गल्ली उतरली, चौकात वळली, पुलावर जरा थांबली, आणि मी बघतेय — माझ्याच नकाशावर माझं घर मला बाहेर पाठवतंय. समोर येऊन ‘चालती हो’ म्हणाला असता ना, तर मी दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. पण कुरिअर? सख्ख्या बहिणीला?

आणि खोकी उघडली तर स्वेटर घडी केलेले — बाह्या आत दुमडून, मधे कागद घालून. तशी घडी आमच्याकडे एकच बाई घालते. जाऊ दे. ते तुला सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन ती ओळ लिहिली. जशास तसं! आणि काय सांगू तुला, इतकं गार वाटलं. तेव्हापासून त्या फाटकाशी कोणी जात नाही — जेवण मागवलं, चौकात. टॅक्सी बोलावली, चौकात. नवा सोफा घेतला राजेसाहेबांनी, तोही चौकात उतरवला, औषधाच्या दुकानासमोर, मग हा आणि वहिनी दोघं तो धरून चढ चढताहेत, अर्ध्यावर ठेवून त्याच्यावरच बसलेत! समोरच्या मावशी फोनवर सांगतात मला सगळं. तक्रारी करतो ना तो. त्या येतात कुठे? माझ्याकडे. मी लिहिते, ‘तपासले, नकाशा बरोबर आहे’, आणि बंद करते. त्याला वाटतं, गल्लीला कोणाची नजर लागलीय. लागलीच आहे!

काय? कोण घेतं म्हणालीस आपला नकाशा?

रुग्णवाहिका? कधीपासून? सोमवारपासून — म्हणजे त्याच कामासाठी घेतलंय तुला? मला कोणी बोललं नाही. बरं, मग? चौकात थांबतील आणि चालत येतील वर, स्ट्रेचर असतंच त्यांच्याकडे. तेवढ्या चढाने काय होतंय? आईने तरी कुठे विचार केला माझा — स्वेटर घडी करताना हात थांबला का तिचा? पडते म्हणे हल्ली. मावशीच म्हणाल्या, मोरीत पडली, वहिनीला उचलवेना. मी म्हटलं, त्यांचं ते बघतील. म्हटलं खरं.

सर जरा. सर गं, खुर्ची दे. अशी काय बघतेस, काढत नाहीये ओळ, एवढ्यात सुटका नाही त्याची. वाहन कोणतं ते विचारायची सोय आहे ना ह्यात — हे बघ — रुग्णवाहिका असेल तर ठेव, बाकी कोणीही असेल तर टाक. झालं. जेवण चौकात, सोफा चौकात, वहिनीने पिशव्या घेऊन चढावं, नाक फेंदारत. पण आईसाठी गाडी आली तर थेट फाटकाशी. फक्त आईसाठी.

काय म्हणालीस?

भावासाठी आली तर?

…तुला गं कोणी सांगितल्यात नसत्या चौकश्या? ऊठ. जेवायला जा. नाही, मला भूक नाही. जा म्हटलं ना.