पाच ओळींची दुरुस्ती

संपादक : म्हणजे दोन्ही उमेदवारांचे मजकूर उलटे पडलेत, हे तुम्हाला आज सकाळी कळलं.

ताई : सव्वासातला. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा. मी दात घासत होते.

संपादक : स्वतः डॉक्टरांचा?

ताई : स्वतः. म्हणाले, ताई, तुमच्या ‘खरं की खोटं’ चौकटीत माझ्या फोटोखाली लाल शिक्का आहे. मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

संपादक : साहजिक आहे. चार दिवसांवर मतदान आलंय, उमेदवार माणूस, आणि सकाळी पेपर उघडतो तर आपल्या फोटोखाली ‘खोटं’. तुम्ही काय म्हणालात?

ताई : तोंडात फेस होता, काय म्हणणार. त्यांना वाटलं, मला गहिवरून आलंय.

संपादक : आणि मास्तरांकडून?

ताई : मास्तर गप्प आहेत. त्यांच्या कार्यकर्त्यांनी मात्र ते पान मोठं करून प्रचार कार्यालयाच्या दारावर चिकटवलंय. वर लिहिलंय, ‘अखेर या पेपरला सत्य दिसलं.’

संपादक : अरे देवा.

ताई : आणि ते हिरव्या शाईवाले आजोबा, दर आठवड्याला पत्र लिहून आपल्याला विकले गेलेले म्हणतात ते. त्यांची आज चिठ्ठी आलीय. स्वतः खाली पहारेकऱ्याकडे देऊन गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा अभिनंदन केलंय. ‘प्रथमच निःपक्षपाती तपासणी वाचली.’

संपादक : तुम्ही हसताय?

ताई : नाही हो. चेहराच असा आहे.

संपादक : ताई, मालकांचा तीनदा फोन येऊन गेला. बारा वाजेपर्यंत त्यांना दोन गोष्टी हव्यात. उद्याच्या अंकात दुरुस्ती, आणि ज्यानं चूक केली त्याचं नाव. काकांना बोलावलंय मी.

ताई : काकांना कशाला? दोन महिन्यांत निवृत्त होतायत ते.

संपादक : पान त्यांनी लावलं, म्हणून. या काका, आत या.

(पान लावणारे काका चष्मा कपाळावर चढवून आत येतात, पण दाराशीच उभे राहतात.)

काका : साहेब, बोलावलंत?

संपादक : कालची चौकट तुम्हीच लावलीत ना? दोन फोटो, दोन मजकूर?

काका : तीस वर्षं पानं मीच लावतोय. अजून तरी हे काम दुसरं कुणी मागायला आलं नाही.

संपादक : मग डॉक्टरांच्या फोटोखाली मास्तरांचा मजकूर गेला कसा?

काका : मजकुरात नाव कुठं असतं साहेब? तुमचाच नियम. मजकुरात फक्त ‘उमेदवार’ म्हणायचं, नाव तेवढं फोटोखाली. म्हणजे तपासणी कशी तटस्थ दिसते, असं तुम्हीच मीटिंगमध्ये फळ्यावर लिहून दाखवलं होतं.

संपादक : दिसते नाही, असते म्हणालो होतो.

काका : मी लांबून बघितलं असेल. तर दोन कागद आले, एक लाल, ‘खोटं’चा, एक पिवळा, ‘संदर्भ हवा’चा. दोन्ही अकरा-अकरा ओळी. कोणता कुणाचा ते ताईंनी मागे पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. मी ते उलटून बघायला हवं होतं. नाही बघितलं. चूक झाली.

संपादक : बघा. कबूल करतायत.

काका : पान सोडायच्या आधी मला शंका आली होती, खोटं कशाला बोलू. मग वाचून पाहिलं. पहिल्यांदा असं, मग उलटं करून. तसंही बसत होतं.

संपादक : काय बसत होतं?

काका : लाल मजकूर डॉक्टरांना बसत होता आणि पिवळा मास्तरांना. एक शब्द हलत नव्हता. म्हटलं, असंच असणार. मग सोडलं पान.

संपादक : बाहेर थांबा जरा काका. नको, इथंच बसा. ताई, घ्या लिहून. दुरुस्ती. ‘कालच्या अंकात तांत्रिक चुकीमुळे डॉक्टरांच्या छायाचित्राखाली जो मजकूर छापला गेला, तो त्यांना लागू नाही.’

ताई : कुठलं वाक्य लागू नाही?

संपादक : म्हणजे?

ताई : म्हणजे दुरुस्ती लिहायची तर काय चुकलं ते लिहावं लागेल ना. पेपर आहे समोर, मी वाचते, तुम्ही थांबवा. ‘नदीवरचा पूल माझ्यामुळे झाला, असं उमेदवारांनी सभेत सांगितलं.’

संपादक : हे डॉक्टर म्हणाले का?

ताई : शुक्रवारी. मास्तर शनिवारी म्हणाले. शब्दसुद्धा तेच. भाषणं एकाच माणसाकडून लिहून घेत असतील तर मला नवल वाटणार नाही. पुढे. ‘इतिवृत्तानुसार पुलाच्या एकोणीस बैठकांपैकी उमेदवार एका बैठकीला हजर होते.’

संपादक : डॉक्टर एकालाच?

ताई : दोघं एकालाच. त्याच एका बैठकीला. शेजारी शेजारी सह्या आहेत.

संपादक : बरं. पुढे.

ताई : ‘तीही बैठक चहा येण्याआधीच सोडून गेले.’

संपादक : हे फक्त मास्तरांचं असेल.

ताई : मास्तर चहा यायच्या आधी गेले. डॉक्टर मास्तरांच्या आधी गेले.

काका : मग पूल बांधला कुणी?

ताई : अभियंता बाई होत्या एक. एकोणीसही बैठकांना. त्या निवडणुकीला उभ्या नाहीत, म्हणून कुणी तपासत नाही.

संपादक : काका, मध्ये बोलू नका. ताई, मुद्दा एवढाच आहे की, लाल शिक्का मास्तरांचा होता आणि पिवळा डॉक्टरांचा.

ताई : मग पिवळा वाचते. आज मास्तरांच्या फोटोखाली छापला गेलाय तो. ‘बैठकीला उमेदवारांनी आवर्जून हजेरी लावली. पुलाच्या उभारणीत अनेकांचा वाटा असला, तरी दाव्यामागची तळमळ नाकारता येत नाही. संदर्भ हवा.’

काका : आवर्जून म्हणजे, चहाच्या आधी गेले तेच ना?

ताई : तेच.

संपादक : लिहिलंय कुणी हे?

ताई : मीच.

संपादक : मी सांगितलं होतं? सहा वर्षांत एकदा तरी म्हणालोय, डॉक्टरांना सांभाळा म्हणून?

ताई : कधीच नाही. मास्तरांवरचा मजकूर आला की तुम्ही एकदा वाचता आणि डॉक्टरांवरचा आला की दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना खुर्चीत मागे रेलता आणि म्हणता, ‘हं... संदर्भ काय होता?’ तेवढं मला पुरतं.

संपादक : रेलणं म्हणजे दबाव?

ताई : दबाव नाही हो, इशारा. मला तो हवाच होता, म्हणून लगेच कळायचा. तुमच्यावर कशाला ढकलू?

संपादक : म्हणजे?

ताई : फोन ठेवल्यावर मी चूळ भरली आणि तशीच बसून राहिले. ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ मग त्यांची माझ्याकडून अपेक्षा काय होती? आठला ऑफिसात आले आणि सहा महिन्यांच्या चौकटी काढून टेबलावर मांडल्या. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, पत्ते खेळताय का. डॉक्टरांना एकही लाल नाही. मास्तरांना नऊ. त्यातला एक तर शाळेतल्या बाकांच्या संख्येत दोनाची चूक केली म्हणून.

संपादक : चूक ती चूक.

ताई : डॉक्टरांनी दवाखान्यातल्या खाटा चाळीसनं वाढवून सांगितल्या होत्या. त्याला मी ‘ढोबळ आकडा’ म्हटलंय. आणि फोटो बघा. डॉक्टर हसतायत, नाहीतर लांब बघतायत. मास्तर प्रत्येक फोटोत तोंड उघडं. माणूस कधीतरी तोंड मिटत असेलच ना?

काका : मिटलेले आहेत माझ्याकडे. कुणी मागत नाही.

संपादक : पण का, ताई? तुमचं कुठल्या पक्षाशी काही नाही, हे मला माहीत आहे.

ताई : माझी आई अंथरुणावर होती तीन वर्षं. डॉक्टर न बोलावता यायचे. जिन्याखाली चपला काढून वर यायचे, आवाज नको म्हणून. आई गेली त्या दिवशी माझ्याआधी त्यांना रडू आलं. आता असा माणूस पुलाबद्दल थाप मारतो, हे माझ्या हाताला लिहवत नाही.

संपादक : आणि मास्तर?

ताई : सातवीत मला होते. माझा निबंध वर्गात वाचून दाखवला आणि विचारलं, हा कुणाकडून लिहून आणलास? पुढं शाळा सुटली माझी, जे काही शिकले ते घरी बसून शिकले. लाल शिक्का मारताना मला दर वेळी जरा बरं वाटायचं. आज सकाळपर्यंत मी त्याला काटेकोरपणा म्हणत होते.

काका : निबंध स्वतःचा होता?

ताई : शेवटच्या ओळीपर्यंत.

संपादक : ताई, हे सगळं मी समजू शकतो. पण हे पेपरात नाही छापता येत. माझं ऐका. ‘तांत्रिक चूक’ लिहू, मालकांना काकांचं नाव देऊ, काका दोन महिने आधी घरी बसतील, विषय संपेल.

काका : मला चालेल साहेब. फक्त निरोप समारंभात हार घालायचा राहील. बायकोनं त्यासाठी माझा सदरा शिवायला टाकलाय.

ताई : काका, तुम्ही गप्प बसा. सहा वर्षांत या चौकटीत एक दिवस दोघांच्या दाव्याला एकच माप लागेल की काय, असं वाटलं, तर तेही तुमच्या चुकीमुळे. तुम्हाला कशी द्यायची शिक्षा?

संपादक : मग नाव कुणाचं देऊ?

ताई : माझं. घ्या तुम्हीच लिहून, माझा हात भलतीकडे वळतो या विषयावर. ‘काल या चौकटीत दोन उमेदवारांचे निकाल एकमेकांच्या जागी छापले गेले. दोघांचा दावा एकच होता आणि तपासलेला कागदही एकच होता. दोघांनाही एकच निकाल द्यायला हवा होता : खोटं. यापूर्वीच्या निकालांतही असा फरक झालेला आहे, ते पुन्हा तपासून याच जागी छापू. चूक पान लावण्यात नव्हती, तपासण्यात होती. - तपासनीस.’

संपादक : डॉक्टर तुमच्याशी बोलणार नाहीत.

ताई : माहीत आहे. संध्याकाळी जाऊन सांगून येईन. चपला जिन्याखाली काढेन.

संपादक : मास्तरांचे लोक दारावरचं पान फाडतील.

ताई : फाडू देत.

संपादक : हिरव्या शाईवाले आजोबा पुन्हा विकलेले म्हणतील.

ताई : बिचाऱ्यांना करमेल तरी.

संपादक : आणि मालक तुम्हाला या चौकटीवर ठेवणार नाहीत. कदाचित मलाही विचारतील, तू काय करत होतास.

ताई : सांगा, रेलत होतो.

संपादक : ताई!

ताई : चुकलं. तेवढं बोलायला नको होतं.

संपादक : नाही. बरोबर आहे. काका, ही दुरुस्ती घ्या. कुठं लावाल?

काका : त्याच चौकटीत. पण साहेब, खाली पाच ओळींचीच जागा आहे, आणि हा मजकूर सहा ओळींचा होतोय. एक काढावी लागेल.

संपादक : शेवटची काढा. ‘चूक तपासण्यात होती’ ही. बाकीच्यांत सगळं आलंच आहे.

ताई : सर, शेवटची काढलीत तर बाकीच्या पाच छापू नका.

संपादक : मग पहिली काढा.

ताई : मग कुणाला काही कळणारच नाही.

संपादक : दोनदा वाचतो, थांबा.

ताई : वाचा. फक्त सरळ बसून.

संपादक : ...बरं. सगळ्या सहा राहू देत. काका, बघा काहीतरी.

काका : होईल साहेब. फोटो लहान करतो. मास्तरांचा तोंड मिटलेला घेतो.

संपादक : लहान कुणाचा करताय?

काका : दोघांचे. सारखेच.