कापलेली कड

तंजावूरच्या बसस्थानकावर तिरुचीच्या रांगेत सांबशिव पुस्तकात डोकं घालून उभे होते. पुढच्या म्हाताऱ्या भावाबहिणीचं मराठी कानी पडलं आणि पान उलटायचं राहूनच गेलं. भावानं भोकाभोकांच्या कागदाची एक जाड गुंडाळी उराशी धरली होती.

“अण्णा, दे की इकडे. हात भरून येईल.”

“राहू दे, राजम.”

“ही घातली की पियानो आपोआप वाजायचा. चांगलं चाललं होतं, तू कशाला हात लावलास?”

“कडेला बारीक भोकं दिसली. जन्मभर पोथ्या दुरुस्त केल्या मी. वाटलं, कसर लागली. कड कापून नवी पट्टी चिकटवली.”

“अय्यो! पियानोलाही पोथीचंच औषध!”

“त्या भोकांमुळेच चालीचे सूर ठसठशीत वाजायचे, गं. साथ हळू राहायची. आता सगळंच एका जोरानं वाजतं. सरस्वती गायची ती चाल त्यात बुडून गेली.”

“मग तिरुचीचा दुरुस्तीवाला काय म्हणतो?”

“नवी भोकं पाडून देतो म्हणतो. पण यातले चालीचे सूर कुठले, ते गाऊन दाखवा म्हणतो.”

“मग दाखव की! सरस्वतीवहिनी असेपर्यंत रोज संध्याकाळी पियानोबरोबर गायची. तीस वर्षं ऐकलंस.”

“पहिली ओळ येते.”

“आणि पुढची?”

“पुढे ती गात असायची, आणि मी तिच्याकडे बघत बसायचो.”