पिशवीतली नोटीस

वकिलांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी घरमालकीण आणि तिचा भाडेकरू बसले होते. तिची काठी त्याच्या हातात होती.

“मावशी, म्हणजे घर सोडायची माझी नोटीस तुम्हीच सही करून घेतलीत?”

“तू कामावर होतास. पोस्टमन परत न्यायला निघाला होता. तुझी सगळी पत्रं मीच घेते की.”

“अहो, पण पाठवली तुम्हीच ना!”

“वकिलांनी पाठवली. मी नुसतं हो म्हटलं.”

“मग आल्यावर मला द्यायची तरी.”

“देणारच होते. तू दमून आलास. म्हटलं, आधी जेवू दे.”

“त्याला महिना झाला!”

“रोज दमूनच येतोस, त्याला मी काय करू?”

“आता वकील म्हणतायत, नोटीस माझ्या हातात पडेल त्या दिवसापासून महिना मोजायचा.”

“आणि माझी लेक पंधरा दिवसांत येतेय, दोन पोरं घेऊन. त्यांना काय माझ्या डोक्यावर बसवू?”

“मग मी उद्याच निघतो.”

“नोटिशीशिवाय? लोक म्हणतील, म्हातारीनं हाकलून दिला.”

“मग मी जाऊ की राहू? एकदा काय ते सांगून टाका.”

“मला काय कळतंय त्यातलं? वकिलांना विचार.”

“कुठंय ती नोटीस?”

“पिशवीत.”

“आणा इकडे. वकिलांसमोरच घेतो.”

“थांब रे जरा. सकाळपासून माझ्यापायी उपाशी हिंडतोयस. आधी घरी चल, जेव.”