पुढच्या सीटवरचे हेडमास्तर

सन्माननीय अध्यक्ष हिरालालजी, आजचे सत्कारमूर्ती हेडमास्तर उत्तमराव, त्यांच्या पत्नी जिजाबाई, शेलूबाजारहून मुद्दाम आलेले किसनसिंग मिस्त्री, आणि रिठदच्या तमाम भाजीवाल्या बंधू-भगिनींनो,

हेडमास्तरांची मेडशीला बदली झाली. त्यांनी शाळेसाठी काय केलं, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी माणिकराव, वांगी पिकवणारा माणूस. त्यांनी आपल्या टेम्पोसाठी काय केलं, ते मी सांगणार. हसू नका. हा माणूस नसता तर आपली वांगी वाशीमच्या बाजाराऐवजी नाल्यात गेली असती.

आठवतं ना? बहात्तरचा दुष्काळ सरला, विहिरींना पाणी आलं, आणि आपण सगळ्यांनी मिळून जुना तीनचाकी टेम्पो घेतला. इंजिन पुढे, आणि गाडी ओढणारं चाकही पुढचंच, एकुलतं एक. वाशीमच्या वाटेवरच्या नाल्याचा चढ आला की त्याला धाप लागायची. मग मिस्त्रींनी कार्बोरेटरला पेट्रोल जास्त सोडणारी मोठी जेट बसवली, ठिणगीची वेळ अलीकडे आणली, आणि टेम्पो असा गुरगुरला की हिरालालजींची म्हैस दावं तोडून पळाली. अध्यक्ष महाराज, ती सापडली, हे सभेच्या माहितीसाठी सांगतो.

पण ताकद आली म्हणजे अक्कल येते का? मागे वांगी-कोबी भरली की पुढचं चाक हलकं व्हायचं. आपल्या इंद्रभान ड्रायव्हरनं चढावर रेस दिली की ते जागच्या जागी गरगर फिरायचं, धुरळा उडायचा, आणि टेम्पो सावकाश मागे यायचा. मिस्त्री म्हणाले, "पावर बढ़ी है, पाँव हल्का रखो." इंद्रभान म्हणाला, "पाय हल्का कसा ठेवू? पाय काय काढून ठेवू घरी?"

तेव्हा जिजाबाई एकच वाक्य बोलल्या होत्या. "मंग जुनी जेट बसवा न! काहून एवढा कुटाना?"

पण आलेली पावर परत करायची? शेजारच्या गावात तोंड कसं दाखवायचं? ठरलं, की पावर राहील, पुढचं वजन वाढवू. धोंडे ठेवले, ते इंद्रभानच्या पायावर घरंगळले. मग माणूसच बसवायचं ठरलं. रीतीप्रमाणे पहिला मान अध्यक्षांचा. त्यांना भाजीच्या काट्यावर बसवलं, तर ते कोबीच्या एका पोत्यालाही भारी पडेनात! शेवटी हेडमास्तर बसले, पारडं जमिनीला टेकलं, आणि त्याच रविवारी टेम्पो नाला चढला.

तेव्हापासून दर रविवारी, हक्काची सुट्टी सोडून, हा माणूस पुढच्या सीटवर. चढ आला की श्वास रोखून पुढे झुकायचे. जिजाबाई शनिवारी एक भाकर जास्त वाढायच्या, "गावाचं काम हाय, खा!" वाटेत त्यांनी आम्हाला पेपर वाचून दाखवला, माझं आणि भावाचं बांधाचं भांडण त्याच सीटवरून मिटवलं. गेल्या दिवाळीत इंद्रभाननं मोठी जेट पेट्रोल फार पिते म्हणून गुपचूप जुनी जेट बसवली, टेम्पो धापा टाकत का होईना एकटाच चढू लागला, तरी सुद्धा हेडमास्तर...

अरे! इंद्रभान, डोळे काय वटारतोस? निसटलं तोंडातून.

आता लपवून काय उपयोग? होय हेडमास्तर, दिवाळीपासून तुमच्या वजनाची गरज नव्हती. पण सांगितलं असतं तर तुम्ही रविवारी घरी बसला असता, आणि आम्हाला ते सोसवलं नसतं.

काय म्हणता, उत्तमराव? जरा मोठ्यानं.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. ते म्हणाले, "मले दिवाळीतच समजलं व्हतं, माणिकराव. इंजिनाचा आवाज बदलला व्हता. पन उतरा असं कोनी म्हने ना, म्हून मी बसून राह्यलो. शाळेत मले पाहून सारे उठून उभे राह्यतात. टेम्पोत तुमी मले बसवता."

मंडळी, माझं भाषण अजून बरंच होतं, पण तो कागद आता खिशात ठेवतो. तुम्ही शांतपणे ऐकलं, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि किसनसिंग मिस्त्री, आलाच आहात तर जाण्याआधी ती मोठी जेट परत बसवून द्या. हेडमास्तरांशिवाय हा टेम्पो चढता कामा नये.