नव्वद खुणा

दवाखान्यात म्हाताऱ्या शिंप्याशेजारी एक जोडपं येऊन बसलं. नवऱ्याच्या मांडीवर डॉक्टरीणबाईंनी दिलेला महिन्याचा तक्ता होता. शरीर, मन आणि आत्मा असे तीन रकाने, नेम पाळला की रोज खूण करायची. तक्ता रिकामा दिसला, तर साखरेसाठी रोजची सुई ठरलेलीच.

“अहो, रोज चाललात?”

“चाललो की.”

“कुठे?”

“घरातल्या घरात.”

“पलंगापासून टीव्हीपर्यंत. आणि राग आवरला?”

“आवरला.”

“मग काल रिमोट कुणी आपटला?”

“हातातून पडला.”

“समोरच्या भिंतीवर?”

“आत्म्याचं तरी खरं आहे. रोज पंधरा मिनिटं डोळे मिटून बसलो.”

“घोरत होतात.”

“आत्मा जागा होता.”

“आणि नव्वद खुणा एकाच निळ्या शाईत? बोटाला लागतेय अजून. डॉक्टरीणबाई काय दुधखुळ्या आहेत?”

“मग आता सुई?”

“हे घ्या काळं पेन. मधल्या थोड्या गिरवा. आणि पाच-सहा खोडा, एवढे साधुपुरुष दिसत नाही तुम्ही.”

शिंप्याने खिशातला स्वतःचा तक्ता हळूच उघडला. नव्वदच्या नव्वद खुणा निळ्या, टाक्यांसारख्या एकसारख्या.

“वहिनी,” तो म्हणाला, “यांचं झालं की ते पेन जरा इकडे द्या.”